सुकटीवर ढकललेलं दुखणं

औषधाची पुडी बांधायला मी दोन दिवसांत शिकले. वहीच्या कागदाचा चौकोन घ्यायचा, मधोमध गोळ्या ठेवायच्या, खालचं टोक वर, दोन्ही बाजू आत आणि वरचं टोक खाली खोचायचं. अशी पुडी पदराच्या गाठीत ठेवा नाहीतर भाकरीच्या फडक्यात, ती सुटत नसे. माझे हात भराभर चालायचे आणि तोंड त्याहून भराभर. जवळा बाजारच्या त्या दवाखान्यात मी चार वर्षं कंपाउंडर होते आणि पुडी बांधण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी आजही ठणकावून सांगते. त्या चार वर्षांतलं ठणकावून सांगण्यासारखं एवढंच.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही तेव्हा परभणीवाले. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासर जवळा बाजारपासून तासाभराच्या पायवाटेवर, गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. घरात आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात, तसं मीही म्हणायचे. मोठे दीर शेजारीच वेगळे राहायचे. वेगळे म्हणजे चूल वेगळी, हुकूम दोन्ही घरांत त्यांचाच.

मी बारावी सायन्स नापास. वस्तीत एवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती, त्यामुळे नापास असण्याचाही एक रुबाब होता. जवळ्याच्या डॉक्टरांना इंग्रजी नावं वाचता येणारं माणूस हवं होतं. हे त्यांच्याकडे ताप घेऊन गेले होते, तेव्हा तिथेच बोलणं निघालं आणि घरी वादळ उठलं. मोठे दीर म्हणाले, "घरची सून लोकाच्या गोळ्या वाटत बसंल व्हय? उद्या काही कमीजास्त झालं तर नाव कोणाचं जाईल?" आत्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "माझं जाईल. ती वाचलेली हाय, ती जाईल कामाला." आत्यांनी जन्मभर लोकांचा कापूस वेचला होता, सही करायच्या जागी अंगठा दिला होता, आणि दिराच्या शब्दाला शब्द देणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. नोकरी माझी होती, तिच्यामागे शब्द आत्यांचा होता. ही गोष्ट मला तेव्हा पूर्ण कळत होती. कळत नव्हती असं म्हणायची सोय मला नाही.

डॉक्टर वयस्कर होते, मनानं चांगले आणि कायम घाईत. इतर दिवशी बाकावर पाच-सात माणसं असायची; बाजाराच्या दिवशी मात्र दाराबाहेर, पिंपळापर्यंत रांग जायची. आसपासच्या गावांतले, तांड्यांवरचे लोक बाजार करता करता दुखणंही दाखवून जायचे. परत यायचे ते थेट पुढच्या बाजाराला, म्हणून औषध आठवड्याचं द्यावं लागे. डॉक्टरांची मूळ पद्धत नीट होती. पू किंवा ताप असेल तर लाल-पिवळी कॅप्सूल एका कागदात. दुखण्याची पांढरी गोळी दुसऱ्या कागदात, ती 'दुखलं तरच, आणि पोटभर खाऊन'. पोटासाठी चघळायची एक गुलाबी गोळी तिसऱ्या कागदात. तीन कागद, तीन सूचना. खिडकीशी उभी राहून मी त्या दिवसातून शंभरदा सांगायची. आणि पुढच्या बाजाराला कोणी गुलाबी गोळी अंगदुखीसाठी खाल्लेली असायची, कोणी पांढरी गोळी लेकराला दिलेली असायची. एका म्हातारीनं तर कॅप्सूल चावून खाल्ली आणि 'तुमचं औषध लई कडू' म्हणून माझ्याशीच भांडली.

मला वेंधळेपणाचा भारी राग. एके दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, तिन्ही वेगळं देण्यापेक्षा एका वेळचं सगळं एकाच पुडीत बांधू. सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक पुडी. डोकं चालवायचं कामच नको." डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "चघळायची गोळी?" मी म्हटलं, "ती पुडीत नको, बाकीच्यांबरोबर गिळून टाकतील. ती वगळू." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि डॉक्टर म्हणाले, "बरं, कर तसं." रांग निम्म्या वेळात संपू लागली. बाजाराच्या आदल्या दुपारी मी ढीगभर पुड्या बांधून बरणीत भरून ठेवायची. महिन्याभरानं डॉक्टरांनी चारचौघांत माझं कौतुक केलं, तेव्हा मी ते घरी येऊन आत्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी ते अख्ख्या वस्तीला सांगितलं.

आता विचार केला की दिसतं, मी काय केलं होतं. 'दुखलं तरच' ही सूचना पुडीत बांधता येत नव्हती, ती गेली. 'पोटभर खाऊन' हीही गेली, कारण मी आता नुसतं 'सकाळ-संध्याकाळ' म्हणत होते. कॅप्सूल आठवडाभर पुरी करावी लागते, पांढरी गोळी दुखायचं थांबलं की सोडून द्यावी लागते. एका कागदात बांधल्यावर एक घेऊन दुसरी सोडायची सोयच राहिली नाही. आणि वरून डॉक्टरांच्या तोंडचं एक वाक्य मला फार आवडलं होतं, ते मी येईल त्याला ऐकवायची, "कोर्स पुरा करायचा, एकही पुडी ठेवायची नाही."

दुसऱ्या वर्षी कापसाच्या वेचणीत आत्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्यांनी तो सुईनं काढला, अर्धा आत राहिला, टाच सुजली, पू धरला. मी हट्टानं त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी टाच फोडून पू काढला आणि आठवड्याचं औषध लिहून दिलं. चौदा पुड्या मी माझ्या हातानं बांधल्या. घरच्या माणसाच्या म्हणून कागदही कोरा वापरला.

वेचणीला जाणाऱ्या बायकांचा दिवस आता सांगावाच लागेल. उजाडायच्या आत उठायचं, कोरा चहा घ्यायचा, भाकरी फडक्यात बांधायची आणि निघायचं. भाकरी सोडायची ती वावरात, ऊन चांगलं तापल्यावर. चहा पोटात गेला की पोट रिकामं नाही, असा आमचा सगळ्यांचा हिशोब. मी सायन्सवाली, पण माझाही हिशोब तोच. आत्या सकाळची पुडी चहाबरोबर घ्यायच्या. बशीत चहा ओतून पुडी मीच सोडून हातावर द्यायची. पहिले दोन दिवस त्या घरी बसल्या, तिसऱ्या दिवशी पाय टेकायला लागल्या, चौथ्या दिवशी लंगडत वेचणीला गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पोरी, पोटात आग पडून राहिली. तीनदा जाऊन आले कापसाच्या पराटीत. पाय तर आता दुखत न्हाई, मग ह्या पुड्या ऱ्हाऊ देऊ का?"

मी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, कालवणाला फोडणी देत होते. म्हटलं, "आत्या, औषध हाय ते, गरम राहतंच. अर्ध्यात सोडलं तर पू परत धरंल. कोर्स पुरा करायचा."

कॅप्सूलबद्दल मी बोलले ते अगदी चुकीचं नव्हतं. पांढऱ्या गोळीबद्दल साफ चूक होतं, आणि दोन्ही एकाच पुडीत होत्या. शेजारच्या बायकाही म्हणाल्या, उष्णता पडून राहिली असंल, पडू द्या, अंग साफ होतं. मीही त्यांच्यात मान हलवली. पाचव्या दिवशी आत्यांनी जेवण अर्ध्यावर सोडलं. सहाव्या दिवशी सकाळी त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काळं पडून राहिलं, डांबरावानी." लाजत होत्या बिचाऱ्या. मी त्यांना सांगितलं, कॅप्सूलचा रंग उतरत असेल. हे मी कुठे वाचलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. न येणाऱ्या प्रश्नाचंही उत्तर द्यायची मला सवय लागली होती. आणि मी बशीत चहा ओतून पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

दहा-अकराच्या सुमारास त्या वावरात भाकरी सोडायला बसल्या आणि बसल्या जागी कोसळल्या. रक्ताची उलटी झाली. बायकांनी बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. निरोप मिळताच मी दवाखान्यातून धावत गेले. हे आणि मोठे दीर आधीच पोचले होते. काळीपिवळी जीपमध्ये आडवं घालून आम्ही त्यांना परभणीला नेलं. वाटभर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि हात बर्फासारखे गार होते. दीर पुढच्या सीटवरून सारखं मागं वळून विचारत होते, "काय खाल्लं व्हतं आईनं? काय खाल्लं व्हतं?" मी पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिले.

मोठ्या दवाखान्यात सलाईन लागलं. हे आणि दीर रक्ताची बाटली मिळवायला धावले. खाटेशी मी एकटी राहिले. एक तरुण डॉक्टर आला, त्यानं आत्यांचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, औषध कोणतं चालू होतं? आत्यांच्या पदराला गाठ होती, तिच्यात उरलेल्या पुड्या होत्या. मी गाठ सोडून एक पुडी त्याला दिली. त्यानं ती तळहातावर उघडली.

"ह्या दोन्ही एकत्र कोणी बांधल्या?"

मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

"ही पांढरी काय खाऊन घेत होत्या?"

"चहा," मी म्हटलं.

"चहा म्हणजे जेवण नाही, बाई. ही गोळी रिकाम्या पोटी रोज घेतली तर पोट आतून सोलून काढते, जखमा करते. वर कॅप्सूलनं जुलाब लागले असतील. जुलाब लागले, आग व्हायला लागली, तेव्हा बंद का केलं नाही? कोणी सांगितलं चालू ठेवायला?"

तो रागावलेला नव्हता, खरंच विचारत होता. आणि इतका वेळ डोळे मिटून पडलेल्या आत्या बोलल्या. आवाज जेमतेम होता. "साहेब, म्या सुकट खाल्ली. पथ्य सांगितलं व्हतं, न्हाई पाळलं. चोरून खाल्ली."

डॉक्टर म्हणाला, "आजी, सुकटीनं असं होत नाही." मग त्याला पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि पुडी माझ्या हातात देऊन तो गेला.

थोड्या वेळानं दीर आणि हे परत आले. दिरांनी विचारलं, "काय म्हणले डॉक्टर? कशानं झालं?" त्यांची नजर माझ्यावर होती. माझ्या हातात ती उघडी पुडी होती, मी मूठ मिटली. आत्यांनी पुन्हा तेच सांगितलं, सुकट खाल्ली म्हणून. दिरांनी कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "व्हय का?"

मी म्हटलं, "व्हय."

आयुष्यात मी पुष्कळ बोलले. सरपंचाशी भांडले, मास्तरांशी भांडले, रेशनच्या रांगेत भांडून माझी वेगळी ओळख झाली. त्या दिवशी एक शब्द बोलायचा होता आणि मी नेमका उलटा बोलले.

सुकट चोरून खाता येत नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत आहे. तव्यावर टाकली की वास चार घरं ओलांडून जातो, कोणी तरी हाक मारून विचारतंच, "आज सुकट का गं?" त्या आठवड्यात घरात सुकट आलेलीच नव्हती. स्वयंपाक माझ्या हातचा. फोडलेली टाच घेऊन आत्या तासाभराच्या वाटेनं बाजारात जाणार कशा? एवढी उघड गोष्ट, पण ना दिरांच्या डोक्यात आली ना वस्तीतल्या कोणाच्या. म्हातारं माणूस, जिभेचा चोचला, हे सगळ्यांना लगेच पटलं. मलाही ते पटवून घ्यायचं होतं.

आत्या वाचल्या. पंधरा दिवसांनी घरी आल्या, निम्म्या होऊन. त्यानंतर त्यांना ठेचा चालला नाही, तिखट कालवण चालेना, रात्रीची भाकर दुधात कुस्करल्याशिवाय उतरेना. वस्तीत त्यांची थट्टा सुरू झाली ती कायमची. "आजी, सुकट आणू का पावशेर?" पोरंसोरं विचारायची. बाजारात सुकट विकायला बसणाऱ्या बायासुद्धा त्यांना पाहून टोपलीवर पदर टाकल्याचं सोंग करायच्या. आत्या हसायच्या. मीही बरोबर असले तर हसायची. हे मी लिहितेय खरं, पण लिहिताना मला माझी शिसारी येते.

त्याहून वाईट पुढेच होतं. कामावर परत गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं. मी त्यांनाही सुकटच सांगितली. ते हळहळले, म्हणाले, सांगून ऐकत नाहीत माणसं. आणि तेव्हापासून ते प्रत्येक पेशंटला बजावू लागले, "सुकट, मासोळी बंद." आत्यांचं उदाहरण पंचक्रोशीत गेलं. औषध चालू असलं की लोक सुकटीला हात लावेनात, आणि पुडी मात्र पहाटेच्या कोऱ्या चहाबरोबर घेतच राहिले. पहिल्या दोन बाजारांना मी गोळ्या वेगळ्या बांधल्या. तिसऱ्या बाजाराला रांग पिंपळाच्या पार गेली, लोक खेकसायला लागले, डॉक्टरांनी आतून विचारलं, "आज काय झालंय तुला?" का वेगळं बांधतेय हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी परत एकत्र बांधायला लागले. एवढंच केलं, की खिडकीतून ओरडून सांगायची, "भाकर खाऊनच घ्यायची." कोणी विचारलं, काहून? तर म्हणायची, "सांगितलं तेवढं ऐका."

मग एका बाजाराला तांड्यावरची एक बाई आली. माझ्याच वयाची, कडेवर लेकरू. मागच्या आठवड्यात गुडघ्याला लागलं म्हणून औषध नेलं होतं. खिडकीशी उभी राहून पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "बाई, लई जळून राहिलं. जुलाबबी हायेत. म्या तर सुकटीला शिवलेबी न्हाई." ती माझ्याकडे असं पाहत होती की तिचंच काहीतरी चुकलं असावं आणि तेवढं मी शोधून द्यावं. मी तिच्याकडून उरलेल्या पुड्या परत घेतल्या, तिला गुलाबी गोळ्या दिल्या, डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. ती बरी झाली. त्या दिवसापासून मी पुन्हा कधी एकत्र पुडी बांधली नाही. रांग लांबली, बोलणी खाल्ली, डॉक्टर आठवडाभर घुश्शात होते. पण मधल्या त्या दिवसांत किती जणांच्या पोटात आग पडली आणि किती जणांनी ती उष्णता म्हणून सोसली, मला माहीत नाही. सगळ्यांचे चेहरे आठवतात असंही नाही, खिडकीतून मला हातच जास्त दिसायचे.

पुढे डॉक्टर मुलाकडे शहरात गेले, दवाखाना बंद झाला, मी अंगणवाडीत लागले. जिल्हा हिंगोली झाला. कापसाच्या वावरांत सोयाबीन आलं, वेचणीच्या बायका सोंगणीला जाऊ लागल्या. आत्यांचं कामाला जाणं थांबलं होतं. त्या दारात बसून माझ्या दोन्ही पोरींना सांभाळायच्या.

त्यांना सुकट मनापासून आवडायची, हे मी आधी सांगायला हवं होतं. दुसरं कुठलं नाव त्यांना त्या वेळी सुचलं नसेल. पण एकदा नाव घेतल्यावर ती खायची चोरी झाली. परभणीच्या डॉक्टरानं बंद केलेली नव्हती, थोडी चालली असती. दोन हजारनंतर कधीतरी, एका दुपारी पोरी शाळेत होत्या, हे बाहेर होते, तेव्हा मी बाजारातून आणलेली मूठभर सुकट बिनतिखटाची, कांद्यावर परतली आणि मऊ भाकरीबरोबर ताटात वाढून आत्यांपुढे ठेवली. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून केली?"

"तुमाला आवडती म्हणून."

"आन शेजारची विचारंल तर काय सांगू?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, त्या दिशी तुमी काहून तसं म्हणल्या?"

त्या बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या, तोंडात घातला नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या दिराच्या भ्यानं. त्याला कळलं असतं तर तुला घरात बसवली असती. सासूला औषध घालून मारत व्हती म्हणले असते लोक. माझी मान खाली गेली तरी माझं काय जातं." मग अगदी साध्या आवाजात, "पण मला वाटलं व्हतं तू म्हणशील. 'न्हाई, आत्यानं खाल्ली न्हाई.' एवढंच. बाकी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. म्या वाट पाहिली. दोन साल पाहिली. मग सोडून देलं."

मला रडू आलं. मी म्हटलं, आता सांगते, सगळ्यांना सांगते, भाऊजींना आजच सांगते. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "आता काय करायचं सांगून. खाय, निवून राहिलं." मी त्या दिवशीही सांगितलं नाही. त्या नको म्हणाल्या, हे निमित्त मला पुरलं. दिरांना तोंड द्यायची भीती आता उरली नव्हती. मी पगार आणत होते, माझ्या शब्दाला वजन होतं. भीती नव्हती, नुसता आळस होता, लाज उघडी करायचा आळस.

दोन वर्षांनी आत्या गेल्या. दम लागायचा, त्यातच एका सकाळी गेल्या. पोटाचा संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते दोनदा विचारून घेतलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाला आदरांजली वाहायच्या दिवशी दारात मंडप घातला होता. वंदना झाली, मग एकेकानं उठून आत्यांबद्दल दोन शब्द बोलायचे होते. कोणी त्यांच्या कष्टांबद्दल बोललं, कोणी त्यांच्या हातच्या भाकरीबद्दल. मोठे दीर उठले. आता तेही थकले होते, आवाज कापत होता. त्यांनी सांगितलं, आई कशी कडक होती, कशी एकटीनं आम्हाला वाढवलं, आणि मग डोळे पुसता पुसता हसून म्हणाले, "फक्त जिभेपुढं हारली. सुकटीपायी मरणाच्या दारातून आली, तुमाला सगळ्याला ठावंच हाय." मंडपात हसू पसरलं. मायेचं हसू होतं, कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्या पोरीसुद्धा हसल्या, त्यांनी आजीची ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती.

मी उठले. मला बोलायला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्यानं सुकट खाल्ली न्हाई." आणि मग थांबले नाही. काटा मोडला तिथपासून सांगितलं. पुड्या एकत्र बांधायची कल्पना माझी होती, कोऱ्या चहाबरोबर मी त्या त्यांच्या हातावर ठेवल्या, पोटात आग पडते म्हणाल्या तर मी ऐकलं नाही, काळं पडतं म्हणाल्या तर मी खोटं उत्तर दिलं. परभणीचा डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. "भाऊजी, तुमी मला विचारलं व्हतं, म्या व्हय म्हणले. ते खोटं व्हतं. त्यांचा काहीएक कसूर नव्हता." मी सगळं सांगून मगच खाली बसले.

दिरांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता ते बोलतील, जे पंधरा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पाहा. मेलेल्या सासूला कोणी हसू नये म्हणून तिचं खाणंबी आपल्या अंगावर घेऊन राहिली. अशी सून कोणाच्या घरात हाय, दाखवा मला."

मी म्हणत राहिले, न्हाई भाऊजी, खरं सांगून राहिले. शेजारच्या बाईनं माझा हात धरून मला गप्प केलं, तीही रडत होती. आणि मंडपातल्या सगळ्यांनी हात जोडून, पुण्याच्या कामाला म्हणतात तसं, तीनदा साधू म्हटलं.